तलावावरचा एक दिवस: ब्लूगिल तीस, बास एक आणि हुकलेले तीन

धागाकर्ता: काठावरचा

जूनमधला एक संपूर्ण दिवस, पहाटे साडेपाचपासून अंधार पडेपर्यंत, मी एका लहान तलावावर कनूमध्ये (वल्ह्याच्या अरुंद होडीत) बसून फ्लाय फिशिंग, म्हणजे किड्यासारखे दिसणारे हलके नकली आमिष (फ्लाय) जड दोरीच्या जोरावर फेकून मासे धरण्यात घालवला. वाहत्या पाण्यातल्या ट्राउटचा मला बऱ्याच वर्षांचा सराव आहे. साचलेल्या पाण्यातल्या लार्जमाउथ बास या मोठ्या तोंडाच्या शिकारी माशासाठी मात्र फ्लायची काठी मी पहिल्यांदाच हातात धरली. दिवसअखेर हिशेब असा निघाला, की ब्लूगिल हे लहान, चपटे मासे तीसच्या वर मिळाले, बास एकच मिळाला आणि तीन चांगले बास माझ्या हातून हुकले. ते का हुकले, हे जाणकारांकडून समजून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

पहाटे वारा अजिबात नव्हता. तलावाच्या एका बाजूला लिलीच्या पानांचा पट्टा आहे आणि तो संपतो तिथे एक जुने झाड पाण्यात आडवे पडलेले आहे. आठ नंबरच्या काठीला (नंबर मोठा तितकी काठी आणि दोरी जड) नऊ फुटी लीडर, म्हणजे दोरीपुढचा निमुळता धागा, त्याच्या टोकाला ४ एक्स जाडीचे टिपेट, म्हणजे शेवटचा बारीक धागा, आणि हरणाच्या केसांचा, अंगठ्याच्या पेराएवढा तरंगता बग (मोठी फ्लाय), अशी माझी जुळणी होती. पहिल्याच फेकीला बग पानाच्या कडेला पडला. त्याच्याभोवती उठलेली वर्तुळे विरेपर्यंत मी थांबलो आणि मग दोरी बोटभर ओढली. बगचा रबरी पाय थरथरला, त्याच्या मागे पाण्याला किंचित फुगवटा आला आणि ‘गुळुप’ असा आवाज होऊन बग दिसेनासा झाला. मी ताबडतोब काठी वर उचलली. दुसऱ्याच क्षणी बग माझ्या कानाजवळून मागे गेला आणि पाण्यावर फक्त बुडबुडे उरले. तासाभरात हे तीनदा घडले, आणि तिन्ही वेळा मी अगदी वेळेवर काठी उचलली होती असे मी शपथेवर सांगू शकतो.

ऊन चढल्यावर बास गप्प झाले. मी वल्हवत दुसऱ्या टोकाच्या उथळ कोपऱ्यात गेलो, तर तिथे गुडघाभर पाण्याखाली, वाळू आणि बारीक खड्यांच्या तळावर, ताटाएवढे फिकट गोल एकमेकांना खेटून दिसले. प्रत्येक गोलावर एकेक ब्लूगिल पहारा देत होता. तापमापक पाण्यात बुडवला तर २३ अंश सेल्सिअस दाखवत होता. चार नंबरची हलकी काठी काढून तिला दहा नंबरच्या गळावरचा (गळाचा नंबर मोठा तितका गळ लहान) फोमचा कोळी बांधला आणि मग दुपार कशी गेली ते कळले नाही. ब्लूगिल फ्लाय घेतो तेव्हा बासासारखा धडाका नसतो. पाण्याला ओठ टेकवल्यासारखा बारीक आवाज होतो आणि दोरी आडवी सरकू लागते. मासा तळहाताएवढाच असतो, पण आपले चपटे अंग ओढीच्या विरुद्ध आडवे धरून तो गोल गोल फिरतो, आणि हलकी काठी मुठीपर्यंत वाकते.

असाच एक छोटा ब्लूगिल कनूकडे आणत असताना खालून एक काळपट सावली आली आणि तिने तो आडवा धरला. चार-पाच सेकंद माझ्या हाताला दगड लागल्यासारखे वाटले, मग दोरी सैल पडली. ब्लूगिल हातात आला तेव्हा त्याच्या एका कुशीवरचे खवले खरवडल्यासारखे गेलेले होते. त्याला पाण्यात सोडले, तो सरळ तळाशी गेला.

एकमेव बास संध्याकाळी मिळाला, तोही गमतीने. मानेवर बसलेला डास मारण्यासाठी मी उजव्या हातातली काठी मांडीवर टेकवली होती आणि डाव्या हाताने दोरी नुसती गोळा करत होतो. तेवढ्यात ओढ आली आणि मासा लागलेला होता. लांबी ३८ सेंटीमीटर भरली.

माझे प्रश्न दोन आहेत. सकाळचे तीन बास का हुकले? आणि त्या गोलांवर, म्हणजे घरट्यांवर, बसलेल्या ब्लूगिलवर गळ टाकणे योग्य आहे का? दुपारी तो विचार मनात आला नाही, घरी परतताना मात्र आला.

शांतजळ

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण स्वतःच डासाच्या निमित्ताने दिलेले आहे. संध्याकाळी काठी मांडीवर आडवी होती आणि दोरी हाताने ओढली जात होती, म्हणून मासा लागला. सकाळी काठी वर गेली, म्हणून हुकला.

ट्राउटला बारीक तारेचा लहान गळ लागतो. तो रुतायला फारसे बळ लागत नाही, आणि काठी उचलली की तिचे लवचीक टोक नाजूक टिपेटला झटक्यापासून वाचवते. बासच्या बगचा गळ जाड तारेचा असतो आणि बासचे तोंड कडक असते. अशा वेळी काठी उचलली, तर आपण लावलेल्या बळाचा मोठा भाग ती वाकवण्यातच खर्च होतो आणि गळाच्या टोकापर्यंत थोडेच पोहोचते. शिवाय ओढीची दिशाही वरची होते. बास भक्ष्याला चावत नाही, तो तोंड एकदम उघडून पाण्यासकट ते आत ओढून घेतो. त्या उघड्या तोंडातून आपण बग वर उपसून काढता, आणि तो कानाजवळून जातो.

म्हणून बाससाठी काठीचे टोक सतत पाण्याला जवळजवळ टेकलेले आणि बगच्या दिशेने सरळ रोखलेले असावे. मासा आला की काठी हलवायची नाही. दोरीच्या हाताने कोपर मागे नेत एक लांब, सलग ओढ द्यायची. वजन जाणवले तर मग काठी कुशीकडे आडवी वळवायची. या पद्धतीचा दुसरा फायदा असा, की मासा लागला नाही तरी बग तिथल्या तिथे हातभर पुढे सरकून थांबतो, आणि चिडलेला बास पुष्कळदा पुन्हा येतो. काठी उचलणाऱ्याला ही दुसरी संधी नसते.

एक गोष्ट तपासून पाहावी. वारा नसला तरी फेकीनंतर कनू हळूहळू बगच्या दिशेने सरकत असते आणि दोरी नकळत सैल पडते. अशा सैल दोरीवर ओढ कितीही चांगली दिली तरी ती फक्त ढील गोळा करते. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहा. ते घसरले तर कानशीने धार लावा. हुकलेल्या माशांपैकी काही तरी बोथट गळाच्या खात्यावर जातात.

लव्हाळी

शांतजळ यांच्याशी सहमत आहे, पण संपूर्ण दोष हाताचा नाही, काही जुळणीचाही आहे. आठ नंबरची दोरी, हरणाच्या केसांचा बग आणि ४ एक्स टिपेट ही संगत जमणारी नाही.

फ्लाय फिशिंगमध्ये वजन दोरीचे असते, आमिषाचे नसते. दोरीची वेटोळी हवेत उलगडत जाते आणि शेवटी तिने लीडरला, लीडरने फ्लायला उलटवायचे असते. केसांचा बग हवेला फार अडतो. लीडरचे टोक बारीक असेल तर ही शक्ती तिथवर पोहोचण्याआधीच संपते आणि बग लीडरच्या ढिगाऱ्यावर येऊन पडतो. म्हणजे ओढायच्या आधीच तीन-चार फूट ढील आपल्या नशिबी असते. टिपेटच्या जाडीचा हिशेब सोपा आहे: अकरातून एक्सचा आकडा वजा करावा, उरतील तितके हजारांश इंच. त्या हिशेबाने ४ एक्स म्हणजे ७ हजारांश इंच, सुमारे ०.१८ मिलीमीटर, ० एक्स म्हणजे ११ हजारांश, सुमारे ०.२८ मिलीमीटर. लिलीच्या देठांतून बास बाहेर काढायचा असेल तर ० एक्सपेक्षा बारीक टिपेट लावू नये, आणि लीडरही नऊऐवजी साडेसात फुटांचा पुरे. बासला जाड दोर दिसतो आणि तो बिचकतो, ही भीती तरंगत्या बगच्या बाबतीत मला अनाठायी वाटते.

बगकडेही पाहावे. हरणाचे केस आतून पोकळ असल्याने तरंगतात, पण ते बांधून कातरताना पोटाकडे जास्त ठेवले तर गळाचे टोक आणि दांडी यांमधली जागा भरून जाते, आणि माशाच्या तोंडात टोकाऐवजी केसच लागतात. पोट अगदी गळाच्या दांडीपर्यंत सपाट कातरलेले हवे. ब्लूगिलचे उलटे आहे. त्याचे तोंड इतके लहान असते, की आठ ते बारा नंबरच्या गळापेक्षा मोठे काही त्यात मावत नाही. मोठा पॉपर (बुचाचा तरंगता बग) तो नुसता पायाला धरून हलवतो आणि आपण ‘टोचतो पण लागत नाही’ म्हणून चरफडत बसतो. त्याच्यासाठी मनगट किंचित उचलणे पुरते. तिथे बासची ओढ दिली तर ओठ फाटतो.

नवखा वल्हेकरी

मध्येच प्रश्न विचारतो, क्षमस्व. दोन काठ्या घेण्याची तयारी नसेल तर दोन्ही माशांसाठी एक कोणती घ्यावी?

लव्हाळी

सहा नंबरची घ्यावी. नंबर हे दोरीच्या पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून ठरलेले असतात. पाच नंबरला ते १४० ग्रेन म्हणजे सुमारे ९ ग्रॅम असते आणि आठ नंबरला २१० ग्रेन म्हणजे सुमारे साडेतेरा ग्रॅम. सहा नंबरची दोरी मध्यम आकाराचा बुचाचा पॉपर आरामात नेते, आणि तळहाताएवढ्या ब्लूगिलचीही मजा अगदीच नाहीशी करत नाही. केसांचे मोठे बग मात्र तिच्याकडून अपेक्षू नयेत.

खंड्या

दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

आपण पाहिलेले ते गोल म्हणजे ब्लूगिलची वसाहत. पाणी वीस अंशांच्या आसपास तापले की नर शेपटीने गाळ उडवून खळगे करतात, आणि एकाला लागून एक अशी घरटी पडतात. मादी अंडी घालून निघून जाते. पुढचे सगळे नराकडे असते: अंड्यांवर परांनी पाणी खेळते ठेवणे, गाळ बसू न देणे आणि अंडी खायला येणाऱ्यांना हाकलणे. आपल्या फोमच्या कोळ्यावर तो भुकेने येतोच असे नाही. पुष्कळदा घुसखोराला तोंडाने उचलून बाहेर फेकण्यासाठी येतो. म्हणूनच त्या दुपारी मासे इतके सहज लागले.

या नरांविषयी कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातील ओपिनिकॉन तलावावर जे संशोधन झाले आहे, ते गळ टाकणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. तिथे घरटे राखणारे नर सुमारे सात वर्षांचे झाल्यावर प्रजननाला उतरतात. पण काही नर दोन-तीन वर्षांतच वयात येतात आणि घरटे बांधण्याच्या भानगडीत पडतच नाहीत. लहान असताना ते गवतात दबा धरतात आणि मादी अंडी घालत असतानाच मध्ये झेप घेतात. थोडे मोठे झाले की मादीसारखा रंग आणि चाल धारण करून घरधन्याच्या डोळ्यांदेखत जोडीत शिरतात. आता विचार करा, की आपण दुपारभर घरट्यांवरून सर्वांत मोठे मासे काढून बादलीत टाकत राहिलो, तर मागे कोण उरेल? मोठे नर सातत्याने नाहीसे होणाऱ्या पाण्यात उरलेले नर लहान वयातच प्रजननाकडे वळतात, त्यांची वाढ तिथेच खुंटते आणि काही वर्षांत तलावभर बोटाएवढे ब्लूगिल होतात. मग लोक म्हणतात, की या तलावात मोठे ब्लूगिल होतच नाहीत.

माझे मत असे आहे: स्थानिक नियम परवानगी देत असतील तर वसाहतीवर थोडा वेळ गळ टाकावा, बिनकाट्याचा गळ वापरावा, मासा लगेच त्याच जागी सोडावा आणि मोठे नर घरी नेऊ नयेत. न्यायचेच असतील तर मधल्या आकाराचे न्यावेत. बासच्या घरट्यावर मात्र मी गळ टाकत नाही. बासचा नरही एकटाच पहारा देतो, आणि त्याला आपण दोन मिनिटे जरी दूर ओढले तरी तेवढ्यात आजूबाजूचे ब्लूगिल अंड्यांवर तुटून पडतात.

हे सगळे हे मासे जिथले आहेत तिथल्या पाण्यापुरते आहे, म्हणजे उत्तर अमेरिकेपुरते. जपानमध्ये ब्लूगिल १९६० साली आला. तेव्हाचे युवराज अकिहितो यांना शिकागोच्या महापौरांनी ते मासे भेट दिले होते, आणि पुढे ते देशभर पसरून स्थानिक माशांच्या मुळावर आले. २००७ मध्ये सम्राट असताना अकिहितो यांनी त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. जपानमधल्या बिवा तलावात पकडलेला बास किंवा ब्लूगिल परत पाण्यात सोडण्यास मनाई आहे. गंमत अशी, की लार्जमाउथ बासच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी करणारा १०.१२ किलोचा मासा २००९ साली त्याच तलावात मिळाला; मूळ विक्रम १९३२ पासून अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या नावावर होता.

शांतजळ

खंड्या यांच्याशी एका मुद्द्यावर मतभेद आहे. लहान, बंदिस्त तळ्यांत ब्लूगिल फार झाले, की कमी अन्नामुळेही त्यांची वाढ खुंटते. तिथे एकही मासा न काढणे हा उपाय नाही. लहान मासे भरपूर काढावे लागतात आणि ते खाणारे बास राखावे लागतात. त्यामुळे ‘सगळे सोडा’ हा नियम प्रत्येक पाण्याला लावता येत नाही.

खंड्या

मान्य आहे. माझा आक्षेप काढण्याला नाही, घरट्यावरचे मोठे नर निवडून काढण्याला आहे.

काठावरचा

सर्वांचे मनापासून आभार. मी सगळे मासे सोडले होते, पण काही जणांना फोटोसाठी बराच वेळ हातात धरले, हे आता टोचते आहे. नर ओळखायचा कसा? माझ्या फोटोंत काहींची छाती तांबूस-केशरी आहे आणि काही फिकट आहेत.

खंड्या

हंगामात नराची छाती तांबूस आणि अंग गडद होते, मादी फिकट पिवळसर राहते. कल्ल्याच्या झाकणाचा मागचा काळा पदर आणि पाठीवरच्या पराच्या मागच्या बुडाशी असलेला काळा डाग दोघांनाही असतो, त्यामुळे त्यावरून नर-मादी ठरवू नये.

जुना बुचवाला

धरण्यावरून दोन गोष्टी सांगतो. हात आधी ओला करावा, कारण कोरड्या हाताला माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो. ब्लूगिलच्या पाठीवरचे काटे चांगले टोचतात. तळहात डोक्याकडून शेपटीकडे फिरवत काटे मिटवले, की मासाही शांत होतो आणि आपले बोटही वाचते. लहान फ्लाय तो खोल गिळतो, तेव्हा बोटे न घालता लांब चिमट्याने गळाची दांडी धरून आल्या वाटेने मागे ढकलावी. बासला खालच्या जबड्याने धरता येते, पण मोठा मासा नुसत्या जबड्यावर आडवा तोलू नये. दुसरा हात पोटाखाली द्यावा.

दुपारी बास गप्प झाले असे आपण लिहिले आहे. ते गप्प झाले नाहीत, सावलीत आणि खोलात गेले. त्या आडव्या झाडाच्या खोलाकडच्या टोकाशी, डोळ्यांच्या जागी धातूचे मणी असलेली क्लाउझर मिनो ही बुडणारी फ्लाय टाकून पाहावी. पेनसिल्व्हेनियातल्या बॉब क्लाउझर यांनी स्मॉलमाउथ बास या लार्जमाउथच्या भाऊबंदासाठी ती बांधली आणि ती सगळीकडे पसरली. वजन दांडीच्या वर बांधलेले असल्याने ती उलटी पोहते, गळाचे टोक वर राहते आणि झाडात कमी अडकते. दोरी ओढली की ती उसळते, थांबलो की नाक खाली करून बुडते. मासा बहुधा बुडतानाच घेतो, म्हणून थांबलेल्या दोरीकडेच जास्त लक्ष हवे. मात्र फार खोल जाण्यातही अर्थ नाही. उन्हाळ्यात अशा तलावाचे पाणी थरांत विभागते आणि खालच्या गार थरात प्राणवायू इतका कमी होऊ शकतो, की मासे तिथे उतरत नाहीत.

आणि चष्मा घालत चला. कानाजवळून गेलेला बग पुढच्या वेळी डोळ्याजवळून जाईल. उजव्या हाताने फेकणाऱ्याने वारा उजवीकडून येत असेल तर कनू फिरवून घ्यावी. ढग गडगडले की काठी खाली ठेवून काठ गाठावा. काठी ग्रॅफाइटची असते आणि ग्रॅफाइटमधून वीज वाहते.

नवखा वल्हेकरी

दुपारी दोन्ही मासे एकाच दोरीवर मिळवण्याचा काही मार्ग आहे का?

जुना बुचवाला

आहे. छोट्या पॉपरच्या गळाच्या वळणाला दीड-दोन फूट टिपेट बांधून खाली बुडणारी निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी फ्लाय) लावावी. पॉपर बुचासारखे काम करतो, आणि वर येण्यास नाखूष असलेले ब्लूगिल खालची निम्फ घेतात. फेकताना वेटोळी मोठी आणि संथ ठेवावी, नाहीतर गुंता सोडवण्यातच दुपार जाईल.

काठावरचा

तीन आठवड्यांनी पुन्हा त्याच तलावावर जाऊन आलो, म्हणून धागा वर काढत आहे.

लीडर साडेसात फुटांचा, टोक ० एक्स, बगचे पोट दाढीच्या पात्याने सपाट केलेले. उथळ कोपऱ्यातले बरेचसे गोल आता गाळाने धूसर झाले होते. दोन-तीनच घरट्यांवर नर होते, त्यांच्याकडे गेलो नाही. लिलीच्या पट्ट्याशी सकाळच्या दीड तासात चार बास वर आले. पहिल्याला काठी पाण्याला टेकवून दोरीच्या हाताने ओढले, आणि गळ रुतला तेव्हा हाताला जो ठोका जाणवला तो ट्राउटच्या पाण्यात मला कधी जाणवला नव्हता. तो ४३ सेंटीमीटर भरला. दुसरा पहिल्या ओढीला हुकला, बग हातभर पुढे जाऊन थांबला, आणि शांतजळ यांनी लिहिल्याप्रमाणे तो खरोखर मागून पुन्हा आला. तिसरा देठांत शिरला. टिपेट तुटले नाही, पण गाठ सुटली आणि टोकाला डुकराच्या शेपटीसारखी वळी उरली, म्हणजे क्लिंच गाठ (टिपेट गळाला बांधण्याची गाठ) ओली न करता घाईने आवळल्याची शिक्षा.

चौथा अगदी कनूशेजारी, तीन हातांवर आला. त्याचे उघडे तोंड दिसले आणि माझा हात वर गेलाच.

शांतजळ

मासा डोळ्यांना दिसला की हात वर जातो. फेकीनंतर बगकडे न पाहता त्याच्या बाजूच्या पानाकडे पाहत राहण्याचा प्रयोग करा. माझा अजूनही हंगामाच्या पहिल्या दिवशी एकदा तरी जातो.